एका पेल्यापुरता भोवरा

कर्जतहून पहाटेची लोकल धरणाऱ्यांच्या आणि खोपोलीत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात एक प्रयोग वरचेवर फसतो. मिक्सरच्या दीड लिटरच्या भांड्यात एक केळं, दोन खजूर आणि अर्धा पेला दूध घालून बटण फिरवलं, की मोठा आवाज होतो, दूध चहूकडे उडतं, केळ्याचे काप कडांना जाऊन चिकटतात आणि पातं मधल्या रिकाम्या जागेत नुसतं भिरभिरत राहतं. झाकण काढायचं, चमच्याने सगळं खाली ढकलायचं, पुन्हा फिरवायचं आणि पुन्हा तेच. हाच मिक्सर रविवारी भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा अगदी गंधासारखा वाटून देतो. खोबऱ्याला पुरून उरणारं यंत्र मऊ केळ्यापुढे का हरतं? आणि त्याच्या निम्म्या ताकदीचाही नसलेला, एका हातात मावणारा ‘पर्सनल ब्लेंडर’ तेच केळं अर्ध्या मिनिटात एकजीव कसं करतो? मग तोच छोटा ब्लेंडर बर्फाच्या तीन खड्यांपुढे का अडून बसतो?

यातल्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते पात्याच्या धारेत किंवा खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यात सापडत नाही. भांड्यातला माल फिरून फिरून पात्याजवळ येतो की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. पात्याचा पल्ला काही सेंटिमीटरचाच. उरलेला माल तिथपर्यंत आणण्याचं काम भांड्यात तयार होणारा भोवरा करतो. भोवरा टिकला तर साधी मोटरही उत्तम स्मूदी करून देते आणि भोवरा मोडला तर महागडी मोटरही हवा घुसळत बसते. ब्लेंडर निवडताना आणि वापरताना हे एवढं लक्षात ठेवलं, तर बाकीचे बहुतेक सल्ले त्यातून आपोआप निघतात.

बोथट धारेची करामत

स्मूदीच्या भांड्यातलं पातं निरखून पाहिलं तर ते विळीसारखं धारदार नसतं. बोटाने सावकाश चाचपलं तरी चटकन कापत नाही. त्याचं काम वेगावर चालतं. समजा, पात्याचं एक टोक ते दुसरं टोक हे अंतर ६ सेंटिमीटर आहे आणि ते मिनिटाला १५,००० फेरे घेतं. एका फेऱ्यात टोक सुमारे १९ सेंटिमीटर अंतर कापतं आणि सेकंदाला २५० फेरे होतात, म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला जवळजवळ ४७ मीटर, तासाला १७० किलोमीटर. द्रुतगती मार्गावर गाड्यांना मुभा असते त्याहून कितीतरी जास्त. या वेगाने येणाऱ्या धातूच्या पट्टीसमोर फळाच्या तुकड्याला बाजूला सरकायलाही वेळ मिळत नाही. तो आहे तिथेच फुटतो.

पण हा आघात कामाचा पहिला भाग झाला. पात्याला लागून असलेला द्रवाचा थर अतिशय वेगाने सरकतो, त्याच्या शेजारचा थर त्याहून हळू, त्यापलीकडचा आणखी हळू. या थरांमध्ये सापडलेला फळाचा कण एका बाजूने पुढे ओढला जातो आणि दुसऱ्या बाजूने मागे राहतो. दोन तळहातांमध्ये ओला कणकेचा गोळा धरून हात विरुद्ध दिशांना चोळावेत तसं काहीसं. कण ताणला जातो, फाटतो, पुन्हा फाटतो. जिभेला जाणवणारा मऊपणा मुख्यतः या चोळण्यातून येतो, आणि चोळायला थर लागतात, थरांना द्रव लागतो. कोरडा मसाला दळताना पात्याचा आघात आणि कणांचं एकमेकांवर घासणं पुरतं. स्मूदीला ते पुरत नाही.

खोपोलीचं चाक उलटं फिरवलं तर

खालापूर आणि कर्जत तालुक्यांतल्या वाचकाला हे समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी सुमारे अर्धा किलोमीटर खाली आणून टाटांच्या खोपोली वीजगृहात १९१५ पासून वीज केली जाते. कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं वीजगृह १९२२ चं. तिथे पाण्याची सुसाट धार चाकाच्या परिघावरच्या खोलगट वाट्यांवर आदळते आणि चाक फिरतं. पेल्टन चाक म्हणतात ते हेच. पाणी चाकाला फिरवतं आणि चाक वीज देतं. ब्लेंडरमध्ये हा व्यवहार उलटा होतो. वीज पात्याला फिरवते आणि पातं पाण्याला. योगायोग असा, की अमेरिकेत स्टीफन पोप्लावस्की यांनी पेय घुसळण्याच्या भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवण्याची कल्पना मांडली तीही १९२२ मध्येच.

दोन्ही यंत्रांतला फरक मात्र साम्याहून जास्त शिकवून जातो. पेल्टन चाक हवेतच फिरलं पाहिजे. ते खालच्या पाण्यात बुडलं तर पाणी त्याला अडवतं आणि मिळणारी शक्ती घटते. ब्लेंडरचं पातं मात्र द्रवात बुडालेलंच हवं. त्याच्याभोवती हवेची पोकळी झाली की त्याला ढकलायला काहीच उरत नाही. अशा वेळी मोटरचा आवाज एकदम चढतो, बारीक आणि कर्कश होतो. आवाज वाढला म्हणजे यंत्र जोरात काम करतंय, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात तो मोटरवरचा भार निघून गेल्याचा आवाज आहे. काम सुरू असताना आवाज थोडा जड, भरलेला असतो.

पात्यापासून सुटलेला द्रव बाहेर फेकला जातो, भिंतीवर आदळतो, भिंत धरून वर चढतो आणि जागा न उरल्याने मधोमध खाली कोसळतो. थेट पात्यावर. उल्हास नदीच्या डोहात भोवऱ्याने पालापाचोळा गोल गोल फिरवत तळाकडे ओढावा, तसे फळाचे तुकडे या वाटेने पुन्हा पुन्हा खाली येतात. भिंत अगदी गुळगुळीत आणि गोल असेल तर सगळा द्रव एकसंध गोल फिरत राहतो, वर-खाली होत नाही. म्हणून चांगल्या भांड्यांना आतून उभ्या कडा असतात. मिक्सरच्या दुकानात त्यांना ‘फ्लो ब्रेकर’ म्हणतात. त्या गोल फिरणाऱ्या द्रवाला अडवून वर आणि आत वळवतात. छोट्या पेल्याच्या आतल्या बाजूला दोन-तीन अशा कडा आहेत का, हे दुकानात बोट फिरवून पाहता येतं.

भांडं मोठं, माल थोडा

आता सुरुवातीचा प्रश्न सुटतो. दीड लिटरच्या रुंद भांड्यात पाव लिटर माल घातला, तर तो तळाशी पातळ थरात पसरतो. पातं फिरताच बाहेर फेकला गेलेला द्रव भिंतीवर चढतो, पण भिंत लांब आणि द्रव थोडा. मधोमध परत येण्याइतका माल उरतच नाही. पात्याभोवती खड्डा पडतो आणि केळं कडेला बसून राहतं. तोच पाव लिटर माल सात-आठ सेंटिमीटर व्यासाच्या उंच पेल्यात घातला तर पातं पूर्ण बुडतं, भिंत जवळ असते आणि वर गेलेला द्रव लगेच मागे वळतो. छोट्या ब्लेंडरची खरी ताकद त्याच्या अरुंदपणात आहे.

मग आपले मिक्सर असे रुंद आणि दणकट का? कारण ते मुळात वेगळ्या कामासाठी घडले. परदेशी बनावटीची यंत्रं पेयं आणि सूप यांच्यासाठी होती. भारतीय स्वयंपाकघरातलं वाटण, हळकुंड, भिजलेली डाळ हा भार त्यांना झेपत नव्हता. मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३ मध्ये कंपनी काढून ‘सुमीत’ मिक्सर आणला, तो या गरजेतून. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांना रोजच्या स्वयंपाकात टिकेल असं यंत्र हवं होतं, ही त्यामागची गोष्ट महाराष्ट्रातल्या एका पिढीला ठाऊक आहे. त्यानंतरचे बहुतेक देशी मिक्सर ५०० ते ७५० वॉटच्या मोटरवर आणि चार-पाच माणसांच्या वाटणावर बेतलेले आहेत. एका पेल्याची स्मूदी ही त्यांच्या दृष्टीने अपुरी खेप.

इथे एक रास्त आक्षेप येतो. मिक्सरबरोबर चटणीचं छोटं भांडंही मिळतं, मग दुसरं यंत्र कशाला? हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. चटणीच्या भांड्यात पाव लिटर माल व्यवस्थित बुडतो आणि मोटर दणकट असते. नवीन खरेदी करण्याआधी आठवडाभर त्यात स्मूदी करून पाहावी, असंच मी सुचवेन. अडचणी दोन येतात. त्या भांड्याचं झाकण वाटणासाठी केलेलं असतं, त्यामुळे निम्म्याच्या वर पातळ पदार्थ घातला की कडेने गळतो. आणि पहाटे साडेचारला मिक्सरचा आवाज सगळ्या घराला, कधी शेजाऱ्यांनाही उठवतो. शिवाय पेला तोच प्यायला, तोच झाकण लावून बरोबर न्यायला, अशी सोय त्यात नसते. कर्जतहून मुंबईच्या सीएसएमटीपर्यंत सुमारे शंभर किलोमीटर आणि दोन तासांच्या आसपासचा प्रवास रोज करणाऱ्याला ही सोय क्षुल्लक वाटत नाही. ज्याला ती लागत नाही, त्याने पैसे वाचवावेत.

वॉट, फेरे आणि घाटाचा चढ

खोक्यावर दोन आकडे ठळक असतात. वॉट आणि मिनिटाचे फेरे. वॉटचा आकडा मोटर किती वीज ओढते ते सांगतो. पात्यापर्यंत त्यातली किती पोचते ते सांगत नाही. उरलेली उष्णता आणि आवाज होऊन जाते. फेऱ्यांचा आकडा तर बहुधा रिकामं पातं फिरवून मोजलेला असतो. कर्जतच्या लोकांना यातला फरक रुळांवर पाहायला मिळतो. मुंबईहून सपाटीवर वेगात आलेल्या पुण्याकडच्या अनेक गाड्या कर्जतला थांबतात आणि त्यांना मागून बँकर इंजिनं जोडली जातात, कारण पुढे बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. सपाटीवरचा वेग पाहून घाटातली ओढ कळत नाही. रिकाम्या पात्याचे २२,००० फेरे हा सपाटीवरचा वेग झाला. गोठलेली आंब्याची फोड ही घाटाची सुरुवात.

ओढ कमी पडते तेव्हा मोटरचं दुहेरी नुकसान होतं. मोटर थंड ठेवणारा छोटा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. भार वाढला की फेरे घटतात, म्हणजे वारा कमी होतो. त्याच वेळी मोटर जास्त करंट ओढते, म्हणजे उष्णता वाढते. जास्त ताप आणि कमी वारा. जळका वास येतो तो इथून. म्हणूनच माहितीपुस्तिकेत ‘एक मिनिटापेक्षा जास्त सलग चालवू नये’ असं लिहिलेलं असतं आणि ती ओळ शोभेची नसते. मोठ्या मिक्सरच्या बुडाशी असलेलं लाल ओव्हरलोड बटण या अवस्थेत वीज तोडतं. छोट्या यंत्रात आतल्या आत तशी सोय असेलच असं नाही, म्हणून ती आहे का हे विचारून घ्यावं.

जास्त वॉट म्हणजे चांगला ब्लेंडर, हा समज इथे अर्धाच खरा ठरतो. बर्फ, गोठलेली फळं, कच्चं गाजर, सुकामेवा रोज लागणार असेल तर विजेवर थेट चालणारा, ३०० ते ६०० वॉटचा ब्लेंडरच घ्यावा. पिकलेलं केळं, पपई, चिकू, भिजवलेले खजूर, दही एवढंच असेल तर याच्या निम्म्या वॉटमध्येही काम भागतं, फक्त पेला अरुंद आणि माल पुरेसा पातळ हवा.

टाकी मोठी, तोटी बारीक

चार्जिंगवर चालणाऱ्या ब्लेंडरबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. कुणी त्याला खेळणं म्हणतं, कुणी सगळ्यावरचा उपाय. हिशेब केला तर खरं चित्र दिसतं. ४,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट असं बॅटरीवर लिहिलं असेल, तर तिच्यात ४ गुणिले ३.७, म्हणजे १४.८ वॉट-तास ऊर्जा मावते. ४०० वॉटचा विजेवरचा ब्लेंडर ४० सेकंद चालला तर साडेचार वॉट-तासांच्याही आत वीज घेतो. म्हणजे या बॅटरीत तीन स्मूदींपुरती ऊर्जा नक्की आहे. मग अडतं कुठे? ती ऊर्जा एका दमात बाहेर काढता येत नाही. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, पण तोटी अर्ध्या इंचाची. बादली भरेल, धार मात्र बारीकच राहील.

यातून खोक्यावरचा दावा पडताळायची एक सोपी रीत मिळते. बॅटरीचे वॉट-तास घ्या, त्यांना ६० ने गुणा आणि एका चार्जिंगमध्ये यंत्र जितकी मिनिटं चालतं त्याने भागा. १४.८ वॉट-तास आणि १० मिनिटं, तर सरासरी ताकद ८९ वॉटच्या वर जाऊ शकत नाही. अशा खोक्यावर ‘३०० वॉट’ छापलेलं असेल तर तो फार तर क्षणभराचा उच्चांक असणार.

तोटी बारीक असल्यामुळे पात्याचा आकारही लहान ठेवावा लागतो, आणि यामागचं गणित चकित करणारं आहे. द्रव घुसळायला लागणारी ताकद पात्याच्या व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ४ सेंटिमीटरच्या पात्याऐवजी ६ सेंटिमीटरचं बसवलं आणि वेग तोच ठेवला तर साडेसात पट ताकद लागेल. वेगाचा हिशेब घनाने चालतो. वेग २० टक्के उतरला की पात्याने द्रवाला दिलेली ताकद जवळजवळ निम्मी होते. लिथियमच्या घटाचा दाब पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो आणि संपत येताना ३.३ च्या आसपास येतो, म्हणजे उतार साधारण तेवढाच. काल छान झालेली स्मूदी आज तीच फळं घालून गुठळ्यांची का झाली, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. पावसाळ्यात लाइट गेल्यावर अर्ध्या चार्जिंगवर काम उरकायचं असेल, तर माल कमी आणि दूध थोडं जास्त घ्यावं.

चौकट: दुकानात उभं राहून

पेला पारदर्शक आहे ना, कारण भोवरा दिसला पाहिजे. आतून उभ्या कडा आहेत का. झाकण किंवा पेला नीट बसल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही ना. पात्याची तबकडी फिरवून वेगळी निघते का, की हात घालून धुवावं लागतं. रबराची रिंग सुटी मिळते का. चार्जिंगचा असेल तर बॅटरीचे व्होल्ट आणि मिलिअँपिअर-तास दोन्ही छापलेले आहेत का, आणि बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची आयएस १६०४६ ही नोंद व नोंदणी क्रमांक आहे का. विजेवरचा असेल तर घरगुती मिक्सरसाठी असलेल्या आयएस ४२५० या मानकाची खूण आहे का. पेल्याचं माप आपल्या खऱ्या गरजेइतकं आहे का: एका माणसाला ३५० ते ४०० मिलिलिटर पुरे.

आधी काय, मग काय

घटक घालण्याचा क्रमही भोवऱ्यावरूनच ठरतो, पण इथे दोन प्रकारच्या यंत्रांत गल्लत होते. ज्याचं पातं तळाशी कायम बसवलेलं आहे, त्यात आधी द्रव, मग मऊ फळ, शेवटी कडक किंवा गोठलेलं. पातं पहिल्या फेऱ्यापासून द्रवात हवं आणि कडक तुकडे भोवरा तयार झाल्यावर हळूहळू खाली यायला हवेत. ज्यात पेला भरून, वर पात्याची तबकडी बसवून, सगळं उलटं करून ठेवतात, त्यात क्रम उलटा होतो. कडक आधी, मऊ नंतर. उलटं केल्यावर आधी घातलेलं वर जातं. सुरू करण्यापूर्वी पेला एकदा हलवून द्रव पात्याकडे उतरला की नाही ते पाहावं. चार्जिंगच्या ब्लेंडरचं पातं अडलं तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. बहुधा एखादा कडक तुकडा पात्याखाली पाचरीसारखा अडकलेला असतो. यंत्र बंद करून उलटं करावं, तो सुटू द्यावा, मग पुन्हा सरळ करून चालवावं.

प्रमाणाचा अंदाज असा: दीडशे मिलिलिटर द्रव, एक मध्यम केळं, आणि दुसऱ्या फळाचे दोन-तीन चमचे. पेला दोन-तृतीयांशाच्या वर भरू नये, कारण द्रवाला वर चढून परत यायला जागा लागते. काप दोन सेंटिमीटरपेक्षा मोठे नकोत. नाचणी घालायची असेल तर पीठ कच्चं न घालता आदल्या रात्री शिजवून गार केलेली आंबील घ्यावी. ती द्रवाचंही काम करते. सब्जा सगळं झाल्यावर वरून घालावा. पातं फिरत असताना घातला तर त्याचा फुगलेला गर फाटून सगळं चिकट होतं. ओल्या खोबऱ्याचे तुकडे छोट्या पात्याला जमत नाहीत, किसून घातलं तर जमतं.

या भागाचा खरा मेवा उन्हाळ्याच्या शेवटी येतो. डोंगरातल्या ठाकर आणि कातकरी बायका पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन स्टेशनाबाहेर, रस्त्याकडेला बसतात, तेव्हा त्यांची स्मूदी करावी असं कुणालाही वाटेल. पण जांभळाची बी लाकडासारखी कडक असते. ती पात्याखाली गेली तर पातं वाकतं किंवा कपलरचे दात जातात. करवंदाच्या बिया मऊ असल्या तरी फुटल्यावर कडवट चव देतात. इथे आपल्याकडची जुनी रीत कोणत्याही यंत्रापेक्षा चांगली आहे. फळ थोड्या पाण्यात हाताने कोळावं, गाळणीतून गर काढावा आणि तो गर ब्लेंडरमध्ये घालावा. कोळण्यात गर सुटतो आणि बी अखंड राहते, हे कुठल्याही पात्याला जमत नाही. दोन्ही फळं तुरट-आंबट असल्याने त्यांच्याबरोबर दूध घेतलं तर ते फाटतं, म्हणून दही घ्यावं. करवंदाचा चीक पात्याच्या बुडाशी चिकटतो. ते वापरल्यावर लगेच धुतलं नाही तर दुसऱ्या दिवशी निघत नाही.

बंद पेल्यातली ऊब

उलट्या पेल्याच्या ब्लेंडरला हवा बाहेर पडायला वाट नसते. त्यात गरम आमसुलाचं सार, कढण किंवा वाफाळतं दूध घातलं, तर घुसळताना वाफ एकदम सुटते आणि पेल्यात दाब वाढतो. झाकण फिरवताना तो गरम पदार्थ हातावर, तोंडावर उडू शकतो. सोड्याचं पेय घातलं तर वायू सुटून असाच दाब होतो. बंद पेल्यात गरम काही घालायचंच नाही, हा नियम घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावा.

गार पदार्थही फार वेळ घुसळला तर तापतो. ४०० वॉटची मोटर एक मिनिट चालली आणि त्यातली निम्मी ताकद द्रवात उतरली, तर ४०० मिलिलिटर स्मूदी सुमारे ७ अंशांनी गरम होते. म्हणून सलग दोन मिनिटं चालवण्यापेक्षा १५-२० सेकंदांचे तीन टप्पे घ्यावेत. मधल्या विश्रांतीत हवेचे बुडबुडे वर येतात, कडेला चिकटलेला माल खाली उतरतो आणि मोटरही निवते.

चावून खाल्लेलं बरं नाही का?

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. फळ दातांनी चावून खाणं उत्तम, यात वाद नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहार मार्गदर्शक तत्त्वंही फळांच्या रसापेक्षा अख्ख्या फळाला पसंती देतात. पण रस आणि स्मूदी एक नव्हेत. रस काढताना चोथा फेकला जातो, त्याबरोबर बहुतेक तंतू जातात. स्मूदीत गराचे तंतू बारीक होऊन पेल्यातच राहतात. खरा धोका वेगळा आहे. दोन केळी आणि एक आंबा चावून खायला वेळ लागतो, पोट भरल्याची जाणीव मध्येच होते. तेच पेल्यातून दोन मिनिटांत जातं, वर साखर किंवा मध घातलेला असतो. एका पेल्यात आपण एका बैठकीला खाऊ तेवढंच फळ, आणि वरून साखर नाही, एवढं पथ्य पाळलं तर हा आक्षेप बराचसा निवतो. छोट्या पेल्याचा इथेही उपयोग होतो, कारण तो जास्त घेऊच देत नाही.

केळ्याबद्दल एक बारकावा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केळं घातलेली स्मूदी पिणाऱ्यांच्या शरीरात फ्लॅव्हनॉल नावाची उपयुक्त द्रव्यं, तीच द्रव्यं कॅप्सूलमधून घेणाऱ्यांच्या तुलनेत ८४ टक्क्यांनी कमी आढळली. कापलेलं केळं काळं पाडणारं विकर ही द्रव्यं मोडतं. केळं वाईट आहे असा याचा अर्थ नाही. केळ्याचे बाकीचे गुण तसेच राहतात. फक्त या द्रव्यांसाठी एखादं फळ मुद्दाम घेत असाल तर त्याला केळ्याची जोड देऊ नये, दह्याची द्यावी.

दुरुस्ती, आणि पावसाळ्यातली रिंग

खरेदीआधी एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: बिघडलं तर कोण दुरुस्त करेल? मिक्सरचं कार्बन, बुश, कपलर कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारात कुठेही मिळतं आणि कारागीर तासाभरात बदलून देतो. विजेवर चालणाऱ्या पर्सनल ब्लेंडरची मोटरही पुष्कळदा याच जातीची असते, कारागीर ती उघडू शकतो. चार्जिंगच्या ब्लेंडरचं बूड बहुतेक वेळा चिकटवून बंद केलेलं असतं. काही वर्षांत बॅटरीची ताकद उतरते आणि मोटर ठणठणीत असूनही सगळं यंत्र निकामी होतं. म्हणून रोजच्या वापराला, घरी भरवशाची वीज असेल तर, तारेचा ब्लेंडर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. चार्जिंगचा ब्लेंडर ज्याला तो खरोखर बरोबर न्यायचा आहे त्याच्यासाठी. बॅटरी फुगलेली दिसली, बूड तापू लागलं, तर तो पुन्हा चार्जिंगला लावू नये आणि कचऱ्यातही टाकू नये. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

रोजच्या देखभालीत मोटरपेक्षा रबराच्या रिंगेकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. पात्याच्या तबकडीतली ही रिंग ढिली झाली की दूध खाली मोटरकडे झिरपतं, आणि मोटर जळण्याआधी बुशमध्ये साका बसून पातं जड फिरू लागतं. धुण्यासाठी कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घालून दहा सेकंद फिरवावं. गरम पाणी नको, कारण पेला बंद असतो. जून ते सप्टेंबर, डोंगराच्या पायथ्याच्या या दमट हवेत, खाचेत राहिलेल्या दुधावर दोन दिवसांत काळी बुरशी धरते आणि वरून दिसत नाही. चमच्याच्या टोकाने रिंग बाहेर काढावी, दोन्ही बाजूंनी चोळून धुवावी आणि रात्रभर पेल्याजवळ वेगळी वाळत ठेवून सकाळीच परत बसवावी.